वाड्याचा पूर्वेतिहास शोधताना: स्कॅन केलेली प्रत की दफ्तरातला रुमाल?

जुन्या वाड्याच्या जतनाचे काम हाती घेतल्यावर मूळ बांधणी कोणती आणि मागाहून घातलेली भर कोणती, हे ठरवल्याशिवाय गवंड्याला भिंतीला हात लावू देता येत नाही. पुण्यातील पेठांपुरते बोलायचे तर कागदांच्या दोन वाटा आहेत: घरबसल्या चाळता येणारी जुनी गॅझेटियरे व अहवाल, आणि पुणे पुरालेखागारातील पेशवे दफ्तर, म्हणजे रुमालांत (कापडी गाठोड्यांत) बांधून ठेवलेले पेशवाईतील सरकारी कागद. शनिवार पेठेतील नात्यातल्या एका वाड्यासाठी मी दोन्हीकडे गेलो.

स्कॅनची सोय मोठी आहे. पुणे जिल्ह्याचे १८८५ चे गॅझेटियर तीन भागांचे असून ते रात्री अकरा वाजताही उघडते. स्वरांवर चिन्हे देऊन छापलेली स्थळनामे शोधखिडकीला ओळखता येत नाहीत, पण पाने उलटण्याची तयारी असली की तेवढे निभते. मला अडवले ते वेगळ्याच गोष्टीने. एका जुन्या अहवालाला जोडलेला घडीचा नकाशा न उलगडताच स्कॅन केलेला होता आणि मला हवी असलेली गल्ली नेमकी घडीच्या आत गेली होती. आणखी दोन संकेतस्थळे पाहिली. तिथेही तीच प्रत, कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा तोच अंगठा. मागचा चौक मूळचा की नंतरचा, हा प्रश्न त्या घडीतच राहिला.

दफ्तराची वाट सोपी आहे असे मी म्हणणार नाही. कागद मोडी लिपीत, शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, आणि पहिले काही दिवस मला आकड्यांपलीकडे फारसे लागत नव्हते. परंतु एका रुमालात सरकारातून दिलेल्या इमारती लाकडाचा हिशेब निघाला, त्यात तुळयांच्या नगांपुढे ‘मागील चौक’ असे स्वच्छ लिहिलेले होते, आणि कागद उलटून पाठीवरचा शेराही वाचता आला.

आठवड्याभरात परिसराची सर्वसाधारण माहिती हवी असेल, तर स्कॅन पुरेसे ठरावे. रियासतकार सरदेसाई यांनी संपादित केलेले दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंडही छापील आहेत, मात्र घरबांधणीच्या हिशेबांसाठी त्यांच्यावर फार विसंबू नये, असे माझे मत आहे. एखादी भिंत ठेवावी की उतरवावी हे कागदावर अवलंबून असेल, तर मोडी वाचणारे कोणी सोबत घेऊन दफ्तरात जावे. तिथली घडी निदान आपल्या हाताने उलगडता येते.