पगारी स्तंभ की मानधनाचा?

वृत्तपत्रात नोकरकपात आली की क्रीडा स्तंभलेखकापुढे दोन वाटा उरतात. पगारावर राहिलं, तर आठवड्याचे दोन स्तंभ बघता बघता चार होतात. वर पॉडकास्ट आणि गेलेल्या सहकाऱ्याचं पानही गळ्यात. पगार तेवढाच. पण भांडायला संघटना असते, हे थोडकं नाही. २०२३मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने क्रीडा विभाग गुंडाळून काम आपल्याच मालकीच्या क्रीडा संकेतस्थळाकडे, ‘द अ‍ॅथलेटिक’कडे सोपवलं, तेव्हा संघटनेने उघड विरोध केला. विभाग वाचला नाही. मात्र माणसांना नारळ न देता इतर विभागांत हलवलं गेलं.

मानधनावर वेळ स्वतःचा. बाकी प्रवास, आजारपण, सामने नसलेले महिने, सगळं स्वतःच्या खिशातून. आणि स्तंभ छापलाच नाही, तर दाद कुणाकडे मागायची? मी पगारच धरेन, फक्त स्तंभांची संख्या करारात लिहून घेऊन.