उतारावरच्या मातीसाठी काथ्याची जाळी: दोन पावसाळ्यांनंतरचे परीक्षण

मुळशी तालुक्याच्या पश्चिम भागात, डोंगरउतारावरील सुमारे तीन एकरांच्या प्लॉटिंगचे काम माझ्या देखरेखीखाली चालू आहे. अंतर्गत रस्ता काढताना वरच्या बाजूस कापलेला उतार आणि खालच्या बाजूस मुरमाचा भराव असे दोन उघडे उतार तयार झाले, आणि भरावाच्या पायथ्याशी लागूनच दुसऱ्यांची भातखाचरे आहेत. पहिल्या पावसाळ्यात आम्ही भरावावर ताडपत्र्या अंथरल्या होत्या. निम्म्या वाऱ्याने फाटल्या, आणि ज्या टिकल्या त्यांच्यावरून घसरलेल्या पाण्याने कडेला एकवटून तिथेच कमरेइतकी घळ पाडली. लावणी झालेल्या खाचरात आमचा मुरूम गेला आणि तो आम्हाला घमेल्यांनी उपसून द्यावा लागला. त्यानंतर त्याच भरावावर काथ्याची विणलेली जाळी वापरली. तिला आता दोन पावसाळे पूर्ण झाले आहेत.

सरकारी कागदपत्रांत या जाळीला ‘कॉयर भूवस्त्र’ म्हणतात. तिच्या गुणवत्तेसाठी आयएस १५८६९ आणि रस्त्यांच्या व डोंगरांच्या उतारांवर ती कशी वापरावी यासाठी आयएस १५८७२ अशी दोन भारतीय मानके आहेत. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतही २०२० पासून तिच्या वापराला मान्यता आहे. बाजारात ती प्रामुख्याने दर चौरस मीटरला ४००, ७०० आणि ९०० ग्रॅम अशा वजनांत मिळते, आणि उतार जितका तीव्र तितकी जड व घट्ट विणीची जाळी निवडली जाते.

तिचे काम समजून घेतले, तर तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी हेही कळते. उघड्या मातीचे पहिले नुकसान वाहत्या पाण्याने नव्हे, तर थेंबांच्या माराने होते. मातीचे कण सुटे होतात, बारीक कणांनी पृष्ठभागाची छिद्रे बुजतात, पाणी मुरायचे थांबते आणि मग ओघळ सुरू होतात. जाळीचे दोर हा मार अंगावर घेतात आणि उताराला आडवा गेलेला प्रत्येक दोर बोटभर उंचीच्या बांधासारखा पाणी व गाळ अडवतो. काथ्यात लिग्निनचे (लाकडाला कडकपणा देणाऱ्या घटकाचे) प्रमाण मोठे असल्याने तो तागापेक्षा बराच सावकाश कुजतो. ताग बहुधा एखाद्या वर्षात संपतो, तर ही जाळी दोन-तीन वर्षे तग धरते, आणि तेवढ्या अवधीत गवताने जागा धरावी अशी कल्पना आहे. आमच्याकडे हरळी आणि मारवेल यांनी पहिल्याच श्रावणात जागा धरली. कडेने लावलेला वाळा मात्र दुसऱ्या वर्षी खऱ्या अर्थाने फोफावला.

खरेदीत एक खबरदारी अवश्य घ्यावी. आम्ही ७०० ग्रॅमची जाळी मागवली होती. दोन मीटर रुंद आणि ५० मीटर लांब गुंडाळी म्हणजे १०० चौरस मीटर, त्यामुळे तिचे वजन ७० किलोच्या आसपास भरायला हवे. गावातल्या भंगारवाल्याच्या काट्यावर पहिली गुंडाळी ४१ किलो भरली. पुरवठादाराने वाद न घालता माल बदलून दिला, पण त्यात मे महिन्याचे नऊ दिवस गेले आणि वळवाचा पहिला पाऊस उघड्या मातीवरच पडला. ओल्या काथ्याचे वजन फसवे असते, म्हणून गुंडाळी कोरडी असतानाच तोलावी.

अंथरण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. उतारावरचे दगड वेचून, खड्डे भरून तो सारखा करावा लागतो; बी आधी पेरायचे; माथ्यावर फूटभर खोल चर खोदून जाळीचे टोक त्यात पुरायचे आणि मग गुंडाळी वरून खाली सोडायची. आमच्या मजुरांचा कल ती सतरंजीसारखी ताणून बसवण्याकडे होता, आणि नेमके तेच चुकते. ताणलेली जाळी खोलगट जागी मातीपासून सुटते व पाणी तिच्या पोटाखालून वाहू लागते. ती सैल सोडून, दर मीटरला लोखंडी आकडा ठोकून, मातीला चिकटूनच बसवावी लागते.

एकवटलेल्या पाण्यापुढे मात्र ही जाळी हतबल आहे, आणि विक्रेते हे आपणहून सांगत नाहीत. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते सुमारे चार लाख लिटर पाणी होते, आणि आमच्या भागात आषाढात असा दिवस हा अपवाद नसतो. जाळीच्या पहिल्या वर्षी रस्त्याच्या वळणावरचे सगळे पाणी एकाच ठिकाणी भरावावर उतरले. दोन रात्रींत खालची माती निघून गेली आणि जाळी झोळीसारखी लोंबकळत राहिली. दोष जाळीचा नव्हता. माथ्यावर पाणी वळवणारी चर आम्ही पावसाळ्यानंतर करू म्हणून ठेवली होती. ती चर, वळणापासून खाली दगडी पायऱ्यांची उतरण आणि तिच्या तोंडाशी गाळाचा खड्डा, एवढे केल्यावर जाळीच्या दुसऱ्या पावसाळ्यात खाचरात मुरूम गेला नाही. गाळाचा खड्डा त्या हंगामात तीनदा उपसावा लागला.

आणखी एक उणीव उन्हाळ्यात दिसली. वाळलेले गवत आणि वाळलेला काथ्या यांना वणवा पटकन धरतो. फाल्गुनात शेजारच्या डोंगरावरून आलेल्या आगीत आमची खोलीभर जाळी जळाली. आता भरावाच्या कडेने दिवाळीनंतर जाळपट्टा काढून ठेवतो.

वाहतूक, लोखंडी आकडे आणि मजुरी धरूनही आमचा खर्च दगडी पिचिंगसाठी, म्हणजे उतारावर दगड बसवण्यासाठी, आलेल्या दराच्या निम्म्याहून कमी राहिला. मुरूम किंवा मातीच्या उतारासाठी मी ही जाळी निःशंकपणे सुचवेन. उघड्या कातळावर किंवा नाल्याच्या पात्रात ती वापरणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. वरच्या बाजूच्या कापलेल्या उतारासाठी यंदा ९०० ग्रॅमची जाळी ठरवली आहे. माथ्याची चर खोदून तिच्यात टँकरभर पाणी सोडून पाहिल्याशिवाय मात्र मालाची गाडी बोलावणार नाही.