पानाचं जुनं सँडर की वेल्क्रोचं गोल सँडर?

सँडर म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करायचं मशीन. माझ्या वर्कशॉपमध्ये दोन्ही आहेत. एक चौकोनी बुडाचं, दोन क्लिपांत सँडपेपरचं पान अडकवायचं, वेग एकच. दुसरं १२५ मिमी पॅडचं गोल, पेपर वेल्क्रोने बसतो, वेग कमी-जास्त करायला चकती आहे. जुनं नीट चालत असताना नव्यात पैसे घालावेत का, असं बरेच जण विचारतात. माझं मत सरळ आहे: नवं घ्या, पण जुनं विकू नका.

चौकोनी सँडरचं बूड फिरत नाही. ते जागच्या जागी, अगदी छोट्या वर्तुळात थरथरतं. गोल सँडरचं पॅड असंच थरथरतं आणि शिवाय स्वतःभोवती मोकळं फिरतंही. त्यामुळे पेपरचा कण पुन्हा पुन्हा त्याच वाटेने जात नाही. काम लवकर उरकतं आणि लाकडाच्या रेषांना आडवं घासलं तरी ओरखडा सहसा उठून दिसत नाही. दाराच्या फ्रेममध्ये उभी पट्टी आणि आडवी पट्टी जिथे मिळतात, तिथे हा फरक लगेच कळतो. पानाच्या सँडरने ८० नंबरचा जाडा पेपर मारला की त्या सांध्यावरचे ओरखडे काढायला नंतर हाताने बराच वेळ घासावं लागतं.

मग जुनं का ठेवायचं? गोल पॅड कोपऱ्यात जात नाही. ड्रॉवरच्या आतला काटकोन, फ्रेमची आतली कड, पट्टीचा अरुंद भाग, ही कामं चौकोनी बुडाचीच. शिवाय त्याला हार्डवेअरच्या दुकानातलं कुठलंही पान कापून चालतं. गोल पेपर महाग पडतो आणि त्याची धूळ ओढायची भोकं पॅडच्या भोकांशी जुळावी लागतात.

गोल सँडरमध्येही जुनं-नवं आहेच, आणि लोक चुकतात ते इथे. मकिताचं बीओ ५०३० आणि बीओ ५०३१ जवळपास सारखी दिसतात, दोन्ही ३०० वॉटची. पण पहिलं मिनिटाला १२,००० फेऱ्यांवरच चालतं, दुसरं ४,००० पासून १२,००० पर्यंत. साध्या सागवानावर पहिलं पुरतं. विनियरच्या प्लायवर, म्हणजे वर चांगल्या लाकडाचा पातळ थर चिकटवलेल्या प्लायवर, मात्र मी ते लावणार नाही. वरचा थर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतो. पूर्ण वेगात हात कडेला क्षणभर रेंगाळला की खालचा थर दिसायला लागतो आणि तो डाग पॉलिशने लपत नाही. सिलरचा, म्हणजे पॉलिशआधी लाकडाची छिद्रं बुजवायला देतात तो, हात घासतानाही वेग जास्त असला तर थर तापतो, पेपरवर गोळ्या धरतात आणि त्याच गोळ्या ओरखडे पाडतात. बॉशचं जीईएक्स १२५-१ एई हे २५० वॉटचं मशीन हाताला फार छान बसतं, पण त्याचा सर्वांत कमी वेगच ७,५०० आहे. पॉलिशचं काम जास्त असेल तर मी ५०३१ घेईन.

धुळीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या मते नव्या मशीनचा खरा फायदा हाच आहे. जुन्या सँडरला धूळपेटी नसते किंवा कापडी पिशवी असते, आणि सर्वांत बारीक, फुप्फुसात जाणारी धूळ त्या कापडातूनच बाहेर येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. दिवसभर मशीन धरणारा मुलगा वीस-बावीस वर्षांचा असतो, त्याला पुढची तीस वर्षं हेच काम करायचं असतं. नव्या मशीनला व्हॅक्युमची नळी लावली की पॅडच्या भोकांतून बरीचशी धूळ तिथल्या तिथे ओढली जाते. पेपरही जास्त टिकतो. तरी मास्क लावायचाच, एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) असेल तर नक्कीच.

ब्रशलेस मशीनचा, म्हणजे मोटरमध्ये झिजणारे कार्बन नसलेल्या मशीनचा, खर्च सगळ्यांनी करू नये. मिर्का कंपनीच्या सेरॉस या जुन्या ब्रशलेस सँडरला वीजपुरवठ्याचा वेगळा पॉवर बॉक्स ओढत न्यावा लागे. नंतरच्या डेरॉसमध्ये तो भाग मशीनच्या आतच आला, वजन साधारण एक किलो आणि उंची जेमतेम दहा सेंटिमीटर. हात लाकडाच्या जवळ राहतो, मशीन कलत नाही. रोज सात-आठ तास घासणाऱ्याला ते मनगटात जाणवतं. पण आतलं सर्किट गेलं तर ते गावातल्या वाइंडिंगवाल्याकडे होत नाही. जुन्या मोटरचे कार्बन मात्र पाच मिनिटांत बदलता येतात.

बॅटरीवरचं सँडर साइटवर दाराची कड किंवा रेलिंग करायला उत्तम. त्याच कंपनीच्या बॅटऱ्या घरात असतील तरच विचार करा, कारण घासण्याचं काम सलग चालतं आणि बॅटरी लवकर उतरते.

सेकंडहँड गोल सँडर घेणार असाल तर ते चालू करून पॅड हवेत धरा. पॅड संथ फिरायला हवं. सुसाट सुटलं तर पॅडला आवरणारी रबरी रिंग झिजलेली असू शकते, आणि असं पॅड लाकडाला टेकताच गोल चर पाडतं. मग पॅड उलटं करून वेल्क्रोचे हुक बघा. दाबून चालवलेल्या मशीनचे हुक उष्णतेने वितळलेले असतात. रिंग आणि पॅड दोन्ही सुटे मिळतात, तेवढे पैसे भाव करताना कापून घ्या.