लघवी तपासायची दहा खान्यांची पट्टी: सरकारी ओपीडीच्या गर्दीत कितपत भरवशाची?

शंभर पट्ट्यांची डबी आणि प्रत्येक पट्टीवर रसायनाचे दहा चौकोन: साखर, बिलिरुबिन, कीटोन, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवीचा घट्टपणा), रक्त, पीएच, प्रोटीन, युरोबिलिनोजेन, नायट्राइट (इन्फेक्शनची खूण), ल्युकोसाइट (पांढऱ्या पेशी). पुण्यातल्या सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत 'युरीन रूटीन' लिहिलं की बहुतेकदा सुरुवात हिच्यापासून होते. चाळणी म्हणून ही पट्टी उत्तम आहे. निदान मात्र फक्त हिच्यावर सोडू नये.

वापर सोपा वाटतो, पण चुका इथेच होतात. पट्टी लघवीत जेमतेम एक सेकंद बुडवायची, लघवीच्या डबीच्या काठाला घासत बाहेर काढायची, कड टिपकागदाला लावायची आणि आडवीच धरायची. उभी धरली की एका चौकोनाचं रसायन खालच्यावर ओघळतं आणि शेजारच्या पीएचचा रंग बिघडतो. साखर 30 सेकंदांनी, कीटोन 40 ला, प्रोटीन, रक्त, नायट्राइट 60 ला आणि ल्युकोसाइट 120 ला वाचायचं (आपल्या डबीवरचा तक्ता वेगळा असेल तर तोच पाळा). दोन मिनिटांनंतरच्या रंगाला काही अर्थ नसतो. महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायांची रांग लागते. तेव्हा पंधरा पट्ट्या ओळीने मांडून एकदमच वाचल्या, तर पहिल्या पाच-सहांचे रिपोर्ट चुकलेच म्हणून समजा. एका वेळी तीन-चारच लावा, घड्याळ समोर ठेवा.

पुण्यात या पट्टीचा खरा शत्रू म्हणजे जून ते सप्टेंबरची दमट हवा. झाकणातलं सिलिका जेल ओल शोषतं, पण झाकण टेबलावर काढून ठेवलं तर ते काय करणार? नायट्राइटचा चौकोन हवेनेच गुलाबी पडतो आणि नसलेलं इन्फेक्शन 'पॉझिटिव्ह' दिसतं. पट्टी काढली की लगेच झाकण घट्ट, उघडल्याची तारीख डबीवर, आणि डबी फ्रीजमध्ये नाही. शंका आली तर साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक पट्टी बुडवून पाहा. नायट्राइट किंवा प्रोटीन उमटलं तर अख्खी डबी बाद. काटकसर म्हणून पट्टी उभी चिरून दोन करणं तर मुळीच नको. फक्त प्रोटीन आणि साखर बघायची असेल, तर दोन खान्यांची स्वस्त पट्टी मिळते, एएनसी (गरोदर बायांच्या तपासणीच्या) ओपीडीला ती पुरते.

काही आकडे फसवतात. सर्दीसाठी व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चघळणाऱ्याच्या लघवीत रक्त आणि साखर असूनही निगेटिव्ह येऊ शकते. मधुमेहाचं डॅपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्याची लघवीतली साखर प्लस थ्री येते, रक्तातली साखर आटोक्यात असली तरी. टीबीच्या रिफॅम्पिसिनने लघवीच नारिंगी होते, मग रंग जुळवायचे कसे? प्रोटीनचा चौकोन मुख्यतः अल्ब्युमिन पकडतो, त्यामुळे मायलोमा या कॅन्सरमधलं बेन्स जोन्स प्रोटीन निसटतं. नायट्राइट निगेटिव्ह म्हणजे इन्फेक्शन नाही, असंही नाही: एन्टेरोकॉकस हा जंतू नायट्राइट बनवतच नाही, आणि ई. कोलायलाही लघवी मूत्राशयात चारेक तास साठलेली लागते. सकाळची पहिली लघवी मागतात ती यासाठी.

गरोदरपणात बीपी वाढलंय आणि प्रोटीन प्लस वन, म्हणजे साधारण 30 मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर, आलं तर प्रीएक्लॅम्प्सियाची (गरोदरपणातल्या बीपीच्या आजाराची) शंका येते. पण मे महिन्यात पाणी कमी प्यालेल्या बाईची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी 1.030 असेल, तर नुसत्या घट्ट लघवीनेही ट्रेस किंवा प्लस वन येतं. म्हणून लघवीचा प्रोटीन-क्रिएटिनिन रेशो (घट्टपणाचा परिणाम वगळून प्रोटीन मोजणारी तपासणी) करून घ्यावा, पण बीपीवरचे उपचार त्या रिपोर्टसाठी थांबवू नयेत.

पट्टीत काहीही सापडलं की मायक्रोस्कोपी हवीच. 10 मिली लघवी 1500 आरपीएमला पाच मिनिटं फिरवायची, वरचं पाणी ओतून तळाचा गाळ पाहायचा: कास्ट (मूत्रपिंडाच्या नलिकांत तयार होणारे नळीसारखे साचे) 10एक्सला, पस सेल्स 40एक्सला. कास्ट पट्टीला कळत नाहीत, आणि मूत्रपिंडाच्या आजारात तेच सगळ्यात बोलकं असतं.

नमुन्याबद्दल पेशंटला कुणी सांगत नाही याची खंत वाटते. आधी जागा पाण्याने धुवायची, पहिली धार सोडायची, मधली डबीत घ्यायची. ब्लीचने धुतलेल्या जुन्या बाटलीत दिली तर रक्त खोटं पॉझिटिव्ह येतं. तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) सांगितलं असेल तर निर्जंतुक डबी घ्या आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस नमुना दिल्यावरच.