लसणाच्या कॅप्सूल आणि टेकडीची चढण: काही महिने घेतल्यानंतर

आधीच सांगतो, व्यायामानंतर अंग कमी दुखेल या आशेनं लसणाच्या कॅप्सूल घ्यायच्या असतील तर पैसे राखून ठेवा. मी पावसाळ्यात सुरू केल्या आणि उन्हाळा लागेपर्यंत रोज घेतल्या. गोगाबाबाच्या टेकडीवरून उतरलं की दुसऱ्या दिवशी पोटऱ्या जेवढ्या भरून यायच्या, गोळ्या सुरू केल्यावरही बरेच दिवस तेवढ्याच येत राहिल्या. नंतर दुखणं कमी झालं हे खरं. पण आमच्यासोबत येणारे, गोळीबिळी काही न घेणारे, तेही तितकेच सरावले.

मला ही डबी जिममधल्या एका पोरानं सुचवली होती. त्याचं म्हणणं, "काका, पळण्यानं फ्री रॅडिकल्स तयार होतात, लसूण त्यांना मारतो." फ्री रॅडिकल्स म्हणजे पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू. पोराचं पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे. दमेपर्यंत पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत हे फ्री रॅडिकल्स वाढतात, हे 1982 मध्येच मोजून दाखवलं गेलंय. गडबड दुसऱ्या अर्ध्यात आहे. व्यायामात तयार होणारे हे रेणू सगळेच नासधूस करणारे नसतात. त्यांच्यामुळेच स्नायूंना निरोप जातो की पुढच्या वेळी तयारीत राहा. 2009 च्या एका जर्मन अभ्यासात व्यायाम करणाऱ्यांना चार आठवडे क आणि ई जीवनसत्त्वाच्या, म्हणजे फ्री रॅडिकल्सना आवरणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्या दिल्या, तर व्यायामानं इन्सुलिनचं काम सुधारतं तो फायदाच दिसेना. लसूण म्हणजे क जीवनसत्त्व नव्हे, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा इथं चिकटवता येत नाही. लसणातले गंधकयुक्त पदार्थ शरीराची स्वतःची संरक्षक विकरं (एन्झाइम) जागी करतात, असं प्रयोगशाळेत दिसतं. पण 'अँटिऑक्सिडंट जेवढं जास्त तेवढं बरं' हा दुकानदारी हिशेब मला आता पटत नाही.

तुम्ही म्हणाल, आतला ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे फ्री रॅडिकल्सचा पेशींवरचा मारा, कमी झाला असेल, तुम्हाला कळला नसेल. असेलही. तो मोजायला रक्तातलं मॅलॉनडायआल्डिहाइड (या माऱ्यातून तयार होणारा पदार्थ) वगैरे बघावं लागतं आणि आपल्या नेहमीच्या रक्ततपासणीत ते नसतं. माझ्याकडे मोजमाप म्हणजे पाय, घड्याळ आणि घरचं बीपीचं मशीन. बीपी जरासं उतरलं. रक्तदाब वाढलेल्यांमध्ये लसणानं थोडा उतार पडतो असं काही चाचण्यांत दिसलंय, पण त्याच काळात माझं वजन उतरलं आणि पापड-लोणचंही सुटलं, मग श्रेय कुणाला द्यायचं? कोलेस्टेरॉल मात्र होतं तिथंच राहिलं. त्याचं नवल वाटलं नाही. 2007 च्या स्टॅनफर्डच्या चाचणीत 192 जणांना सहा महिने कच्चा लसूण, पावडरच्या गोळ्या, मुरवलेल्या लसणाचा अर्क किंवा नुसतीच खोटी गोळी दिली होती. वाईट कोलेस्टेरॉल कुणाचंच हललं नाही.

घेणारच असाल तर डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. लसणाचा तो झणका, म्हणजे अॅलिसिन, अख्ख्या पाकळीत नसतोच. पाकळी ठेचली की आतलं अॅलिन आणि अॅलिनेज नावाचं विकर एकत्र येतात आणि तेव्हा तो तयार होतो. विकर उष्णतेनं मरतं. माझ्या कॅप्सूल तेलाच्या होत्या, त्यात अॅलिसिन जवळपास नसतंच, दुसरे गंधकाचे पदार्थ असतात. पावडरच्या गोळीवर जठरात न विरघळणारं आवरण लागतं, नाहीतर आम्लात विकराचं काम आटोपतं. मुरवलेला अर्क महिनोन्महिने ठेवलेला असतो, त्याला वास कमी आणि भाव जास्त. तिन्ही डब्यांवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं फक्त 'लसूण'.

आईनं पहिल्याच आठवड्यात निकाल दिला होता: "घरात लसूण असून डबीतला कामून खातोस रे?" तिच्या खलबत्त्यातला ठेचा जरा वेळ तसाच ठेवून मग भाकरीसोबत कच्चा खाल्ला, तर माझ्या तेलाच्या कॅप्सूलपेक्षा अॅलिसिन जास्तच मिळतं. लगेच तव्यावर टाकला तर मात्र विकराला काम करायला वेळच मिळत नाही. 2024 मध्ये लसूण किलोला 400 रुपयांवर गेला, तेव्हासुद्धा घरचा ठेचा डबीपेक्षा स्वस्तच पडला असता.

त्रास म्हणाल तर चढणीवर येणारे ढेकर. 'वासरहित' लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. लसणातला एक गंधकाचा पदार्थ रक्तात मिसळून फुप्फुसातून बाहेर पडतो, त्यामुळे दात घासून उपयोग नाही. आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात कपाटातल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून गोळा झाल्या, तेवढ्या चाकूनं सोडवाव्या लागल्या.

आणि एक गोष्ट दुकानात कुणी बोललं नाही. लसणाच्या गोळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागू शकतो. माझी दाढ काढायची होती तेव्हा दंतवैद्यांनी चालू औषधं विचारली, मी ही डबी दाखवली, तर त्यांनी आधी ती बंद करायला लावली आणि तारीख पुढे ढकलली. घरात कुणाला वॉरफेरिन किंवा अॅस्पिरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या हातात ही डबी देऊ नका. जेवणातल्या चिमूटभर चटणीला कुणी हरकत घेत नाही.