पीएचपीत टेक्स्ट फाइल वाचायची-लिहायची तर कोणत्या मार्गाने?

आमच्या गावच्या व्याख्यानमालेच्या नावनोंदणीसाठी मी एकदा फॉर्म करून दिला होता. येणार दोन-तीनशे नावं, त्यांच्यासाठी डेटाबेस कशाला उभा करायचा, म्हणून सगळी एका टेक्स्ट फाइलमध्ये. पहिले चार दिवस सुरळीत गेले. पाचव्या दिवशी लिंक व्हॉट्सॲपवर फिरली आणि संध्याकाळी उघडून बघतो तर फाइलमध्ये जेमतेम सोळा नावं. सर्व्हर पडला नव्हता, लॉगमध्ये एकही एरर नव्हती. फाइल उघडताना एक अक्षर चुकीचं घेतलं होतं, बाकी काही नाही. त्या अक्षराकडे पुढे येतोच.

रासमुस लेरडॉर्फने १९९५ मध्ये पीएचपी, म्हणजे वेबसाइटच्या सर्व्हरवर चालणारी ही भाषा, लोकांसमोर ठेवली, तेव्हापासून फाइल हाताळायच्या वाटा वाढतच गेल्या आहेत. जुन्या बहुतेक अजून चालूच आहेत, त्यामुळे नव्या माणसासमोर चार-पाच फंक्शनं उभी राहतात आणि तो विचारतो, यातलं फास्ट कुठलं? छोट्या साइटवर वेगाचा फरक कुणाला जाणवणारही नाही. वाचायचं असेल तर फाइल किती मोठी होईल ते विचारा. लिहायचं असेल तर एकाच क्षणी किती जण लिहायला येतील ते विचारा. (फंक्शनांची नावं इथे आपण तोंडाने म्हणतो तशीच लिहिली आहेत, एडिटरमध्ये ओळखू येतीलच.)

वाचताना

फाइल_गेट_कंटेंट्स हे पीएचपी ४.३ पासून आहे. नाव द्या, अख्खी फाइल एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एका सलग मजकुरात, हातात. उघडणं नको, बंद करणं नको. सेटिंग्जची फाइल, ईमेलचा साचा, जेसन, पाच-पन्नास केबीची यादी, या सगळ्याला हेच घ्या. फाइल काही एमबींची होईपर्यंत दुसरा विचार करू नका.

तिचं भावंड म्हणजे नुसतं फाइल हे फंक्शन. ते ओळी सुट्या करून ॲरेत, म्हणजे यादीत, देतं. सोयीचं आहे, पण प्रत्येक ओळ वेगळी स्ट्रिंग होते आणि प्रत्येक स्ट्रिंगचा स्वतःचा वरखर्च असतो. छोट्या छोट्या लाखो ओळी असल्या तर मेमरी फाइलच्या आकाराच्या कितीतरी पुढे जाते. पीएचपीची मूळ मर्यादा १२८ एमबी असते. १३४२१७७२८ बाइट संपल्याचा तो लाल संदेश ज्याने पाहिला आहे, त्याला हा आकडा तोंडपाठ असतो.

तिथून पुढे एफओपन आणि एफगेट्सची जोडी. एका वेळी एक ओळ वाचायची, काम उरकायचं, पुढची घ्यायची. फाइल दोन जीबीची असली तरी मेमरीत एकच ओळ असते. सर्व्हरचे लॉग, बँकेची निर्यात, मतदार यादीसारखे जाडजूड मजकूर यांना हाच मार्ग. लिहायला चार ओळी जास्त लागतात आणि त्या चार ओळींतच घोडं पेंड खातं. बरेच जण 'एफईओएफ (फाइलचा शेवट) होईपर्यंत फिरव' असा लूप लिहितात. पण शेवट आला हे पीएचपीला कळतं ते शेवटाच्या पलीकडे वाचायचा प्रयत्न केल्यावर, त्यामुळे फाइल नव्या ओळीवर संपत असेल तर लूप एक फेरी जास्त मारतो आणि त्या फेरीत हातात ओळीऐवजी फॉल्स असतो. फाइल उघडलीच नसेल तर जुन्या पीएचपीत हा लूप थांबतच नसे. आठव्या आवृत्तीपासून निदान टाइप एरर येते. म्हणून एफगेट्सने काय परत दिलं तेच तपासा, आणि तपासताना तीन बरोबरच्या चिन्हांची काटेकोर तुलना करा. ढिली तुलना केली आणि शेवटच्या ओळीत नुसता शून्य असला, तर पीएचपी त्याला फॉल्स समजून ती ओळ गिळते. फाइल_गेट_कंटेंट्सलाही हाच नियम: रिकामी फाइल आणि न सापडलेली फाइल ढिल्या तुलनेत सारख्याच दिसतात.

एसपीएल फाइल ऑब्जेक्ट हा तिसरा पर्याय, ऑब्जेक्टच्या वेषातला. फोरीचमध्ये थेट फिरवता येतो, अमुक क्रमांकाच्या ओळीवर जा असं सांगता येतं. पण तिथे तो उडी मारत नाही, आधीच्या ओळी मोजत चालत जातो. बंद करायला मेथडच नाही, व्हेरिएबल नल करावा लागतो. मला तो क्वचितच लागला. पीएचपी ५.५ मध्ये जनरेटर (एकेक मूल्य मागेल तसं देणारं फंक्शन) आल्यापासून एफगेट्सभोवती यील्डचं छोटं फंक्शन गुंडाळलं की तेच सुख मिळतं आणि आत काय चाललंय तेही दिसतं.

फाइल नुसती डाउनलोडला पाठवायची असेल तर रीडफाइल वापरा, पुढे जाऊ.

मराठी मजकुराचा वेगळा हिशेब

इंग्रजी ट्युटोरियलं इथे उपयोगी पडत नाहीत, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'मराठी' या शब्दाची लांबी एसटीआरलेन बाइट मोजून १५ सांगतं, एमबी_एसटीआरलेन चिन्हं मोजून ५ सांगतं, आणि ग्राफीम_एसटीआरलेन ३, म्हणजे शाळेत आपण मोजायचो तेवढी.

हे फाइलला कुठे नडतं? एफरीड ओळ न बघता ठरावीक बाइट वाचतं, आणि त्याला ८१९२ बाइटचे तुकडे पाडायला सांगायची जुनी सवय आहे. ८१९२ ला तीनने भाग जात नाही. सलग देवनागरी असेल तर २७३० चिन्हं पूर्ण येतात आणि पुढच्याचे दोन बाइट या तुकड्यात, एक पुढच्यात. तो तुकडा तसाच दाखवला की चौकोन आणि प्रश्नचिन्हं उगवतात, जेसनमध्ये घालायला गेलं तर एन्कोड नकार देऊन फॉल्स परत करतं. एफगेट्सला हा धोका नाही, कारण नव्या ओळीचा बाइट यूटीएफ-८ मधल्या कुठल्याही देवनागरी चिन्हाच्या पोटात येऊच शकत नाही. ओळीवर तोडलं की चिन्ह शाबूत राहतं. मराठी मजकुरासाठी एफरीड आणि एफगेट्समध्ये निवड करायची वेळ आली तर मी या एका कारणाने एफगेट्स घेतो.

बॉम हा आणखी एक पाहुणा. फाइलच्या अगदी सुरुवातीचे तीन अदृश्य बाइट. एक्सेलला सीएसव्हीतली मराठी नीट दाखवायची तर ते लागतात, आणि पीएचपीत वाचताना मात्र तेच पायात येतात: पहिल्या रकान्याचं शीर्षक 'नाव' असूनही 'नाव'शी जुळत नाही, जेसन डीकोड सिंटॅक्स एरर देतं. एक्सेलसाठी लिहिताना एकदाच घाला, वाचताना आधी कापा. आणि शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या फाइली आल्या तर आयकॉन्व्ह या एन्कोडिंग बदलणाऱ्या फंक्शनशी झगडू नका. तो मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांचाच असतो, मराठी फक्त फॉन्टात असते. त्याला त्या फॉन्टचा कन्व्हर्टरच लागतो.

लिहिताना

आता ते अक्षर. एफओपनला मोड द्यावा लागतो. 'आर' नुसतं वाचायला. 'डब्ल्यू' लिहायला, पण उघडता क्षणी फाइल रिकामी करून. 'ए' शेवटी जोडायला. 'एक्स' फाइल आधीपासून असेल तर नकार देतो. 'सी' हा ५.२.६ मध्ये आलेला, फारसा कुणी न वापरणारा आणि माझ्या मते सगळ्यात शहाणा: फाइल नसेल तर बनवतो, असेल तर तिला हात लावत नाही.

माझा फॉर्म आधी पूर्ण यादी वाचायचा, नवं नाव जोडायचा आणि 'डब्ल्यू'ने पूर्ण यादी परत लिहायचा. एकाने फाइल रिकामी केली आणि तो लिहायला लागणार, तेवढ्यात दुसरा आला. त्याने वाचलं तर यादी कोरी. त्याने कोऱ्या यादीत स्वतःचं नाव घालून ती लिहिली. काम फत्ते! दिवसभर हे जितक्या वेळा झालं तितक्या वेळा यादी नव्याने सुरू झाली.

'डब्ल्यू'ने उघडून मग एफलॉक, म्हणजे फाइलचं कुलूप, लावला असता तरी वाचलो नसतो. कुलूप लागेपर्यंत फाइल रिकामी झालेली असते, आणि वाचणारा तर आधीच वाचून गेलेला. शिवाय लिनक्सवरचा एफलॉक पुणेरी पाटीसारखा असतो: जो पाटी वाचतो त्यालाच लागू. कुलूप न विचारता थेट वाचणाऱ्याला तो अडवत नाही.

मग करायचं काय? तीन प्रसंग वेगळे धरा.

नुसतं शेवटी जोडायचं आहे: नोंदणी, अभिप्राय, लॉग. फाइल_पुट_कंटेंट्स घ्या, फाइल_अपेंड (शेवटी जोड) आणि लॉक_ईएक्स (कुलूप लाव) हे दोन्ही झेंडे लावा. एका ओळीत काम होतं, आधीच्या नोंदींना धक्का लागत नाही. एफओपन, एफलॉक, एफराइट, एफक्लोज ही लांब वाट इथे घेण्यात काही मिळत नाही, फक्त एकाच रिक्वेस्टमध्ये हजारो ओळी लिहायच्या असतील तर फाइल पुनःपुन्हा उघडणं टळतं.

जुनं वाचून त्यावरून नवं लिहायचं आहे: भेटींचा काउंटर, शिल्लक जागा. इथे फाइल_गेट आणि फाइल_पुट ही सोपी जोडी चालत नाही, कारण वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीत दुसरा शिरतो. 'सी+' ने उघडा, कुलूप लावा, वाचा, एफट्रंकेटने शून्यावर आणा, सुरुवातीला जा, लिहा, कुलूप काढा. ट्रंकेट विसरलात आणि नवा मजकूर आखूड निघाला तर जुन्याचं शेपूट मागे लोंबतं. जेसन असेल तर मोडतं. काउंटर वाढतच जात असल्याने तिथे ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते.

पूर्ण फाइल बदलायची आहे आणि वाचणारे पुष्कळ आहेत: सेटिंग्ज, तयार पानांची कॅश. लॉक_ईएक्सने फाइल_पुट_कंटेंट्स केलं तरी कुलूप न विचारणारा वाचक अर्धी फाइल उचलू शकतो. त्याऐवजी टेम्पनेमने त्याच फोल्डरात तात्पुरती फाइल करा, तिच्यात सगळं लिहा आणि रीनेमने जुन्या नावावर सरकवा. लिनक्सवर एकाच फाइलसिस्टिममध्ये हे एका फटक्यात होतं, वाचणाऱ्याला जुनी तरी मिळते किंवा नवी तरी. एक खोच: टेम्पनेमच्या फाइलला ०६०० परवानगी असते, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येते. वेबसर्व्हर वेगळ्या युजरखाली चालत असेल तर त्याला ती वाचता येत नाही, आधी ०६४४ करून घ्या. ०७७७ करून मोकळे होऊ नका.

नोंदी कुठल्या रूपात लिहायच्या? स्वल्पविरामाने जोडून एक्सप्लोडने तोडायचं हे मनातून काढून टाका. 'शनिवार पेठ, पुणे ३०' असा पहिलाच पत्ता ते मोडतो. ज्यांना एक्सेलमध्ये यादी हवी त्यांच्यासाठी एफपुटसीएसव्ही. स्वतःच्या वापराला मी एका ओळीत एक जेसन लिहितो. मजकुरातल्या नव्या ओळी जेसन आपोआप सांभाळतं, आणि जेसन_अनएस्केप्ड_युनिकोड दिलं तर मराठी मराठीच राहते. नाही दिलं तर तीन बाइटच्या जागी प्रत्येक चिन्हाचे सहा होतात आणि फाइल डोळ्यांनी वाचता येत नाही.

टेक्स्ट फाइल सोडायची कधी

एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवाले स्वतःबद्दल म्हणतात की आमची स्पर्धा मोठ्या डेटाबेसांशी नाही, एफओपनशी आहे. म्हणून या तुलनेत त्याला बाहेर ठेवता येत नाही. तीही एकच फाइल, सर्व्हर लावायचा नाही, पीडीओतून (पीएचपीच्या डेटाबेस जोडणीतून) वापरता येते, आणि वर सांगितलेली कुलपांची सगळी कसरत ती आतल्या आत करते. तोटा एवढाच की नोटपॅडमध्ये उघडून बघता येत नाही, आणि लिहिणारा एका वेळी एकच. गावच्या फॉर्मला तेवढं खूप झालं. फक्त ती फाइल नेटवर्क डिस्कवर ठेवू नका.

टेक्स्ट असो की एसक्यूलाइट, फाइल पब्लिक_एचटीएमएलच्या बाहेर ठेवा. आत ठेवली आणि नाव 'नोंदणी डॉट टीएक्सटी'सारखं सहज सुचणारं असलं, तर ब्राउझरमध्ये ते टाइप करणाऱ्या कुणालाही सगळ्यांचे फोन नंबर मिळतात. फाइलचं नाव फॉर्ममधून येत असेल तर ते तसंच एफओपनला देणं त्याहून वाईट. दोन टिंबं आणि तिरकी रेघ टाकत कुणीही सर्व्हरभर फिरून येतं.

व्याख्यानमालेचा फॉर्म त्या रात्रीच 'ए' आणि कुलपावर आणला. पुढची दोन वर्षं तो तसाच चालला, टेक्स्ट फाइलवर, एकही नाव न गमावता. तिसऱ्या वर्षी संयोजकांचा फोन आला: नाव रद्द करायची सोय देता येईल का? आणि रोजच्या व्याख्यानाला किती खुर्च्या शिल्लक आहेत तेही दिसलं तर बरं. मधलीच ओळ काढायची, दिवसावार मोजायचं. त्या फोननंतर मी एसक्यूलाइटचं टेबल केलं आणि जुनी टेक्स्ट फाइल एफगेट्सने ओळीओळीने वाचून त्यात ओतली.