सापळा लावायचा की लिंका कळवायच्या?

मालवेअरच्या, म्हणजे घातक सॉफ्टवेअरच्या, मागावर असलेल्या स्वयंसेवकांना हातभार लावायचाय, पण सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: घरच्या ब्रॉडबँडला स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, आहे का?

सॅन्स या सायबरसुरक्षा संस्थेच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरचा डीशील्ड हनीपॉट, म्हणजे हल्लेखोरांसाठी लावलेला सापळा, तिथेच अडतो. जुन्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर तो फुकटात बसतो. पण आपल्याकडे एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटलेला असणं नेहमीचंच. मग बाहेरचा कुणी तुमच्या त्या संगणकापर्यंत पोचतच नाही आणि सापळा रिकामा राहतो. आयपी असेल, तर तो संगणक घरातल्या बाकी यंत्रांपासून वेगळ्या नेटवर्कवरच ठेवा. बसवल्यावर तुमचं खरं एसएसएच, म्हणजे त्या संगणकात दुरून लॉगिन करायचं दार, १२२२२ पोर्टवर जातं. हे विसरलात तर स्वतःच्याच सापळ्यात लॉगिन कराल. (मी केलंय.)

मग लॉग, म्हणजे सापळ्यातल्या नोंदी, वाचायला बसा: हल्लेखोरांनी वापरून पाहिलेली नावं आणि पासवर्ड. रूट-१२३४५६. रूट-एक्ससी३५११, म्हणजे २०१६च्या मिराई या मालवेअरच्या यादीतला, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये कारखान्यातूनच आलेला पासवर्ड. हल्लेखोराला दार उघडलंसं वाटलं की पुढची ओळ डब्ल्यूगेट या फाइल उतरवणाऱ्या आज्ञेची: अमुक पत्त्यावरून फाइल उतरव, चालव.

दुसरा रस्ता लिंका कळवायचा. अब्यूज डॉट सीएच या स्वित्झर्लंडमधून सुरू झालेल्या, मालवेअरची माहिती गोळा करणाऱ्या प्रकल्पाला यंत्र लागत नाही, पारख लागते. त्यांच्या २०१८पासूनच्या युआरएलहाऊस या लिंकांच्या यादीवर फक्त थेट मालवेअर उतरवणारे पत्ते चालतात. बँकेचं खोटं पान दिलंत तर ते त्यांच्या कामाचं नाही. (पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, बाकी सगळं नंतर.) व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल (अँड्रॉइड ॲपची) त्यांच्याच मालवेअरबझार या नमुन्यांच्या साठ्यावर द्यावी, तीही खात्री करूनच. तिथून उतरवलेला नमुना झिपमध्ये येतो, पासवर्ड ‘इन्फेक्टेड’. रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर ती झिप उघडू नका.

२००४मध्ये स्वयंसेवकांनी सुरू केलेली, नेटवर्कमधली असुरक्षित यंत्रं त्यांच्या मालकांना कळवणारी शॅडोसर्व्हर ही वेगळी गोष्ट. कॉलेजचं किंवा पतपेढीचं नेटवर्क तुमच्या ताब्यात असेल, तर नोंदणी करून त्यांचे मोफत अहवाल घ्या आणि त्यात दिसलेली भोकं बुजवा. बाकीच्यांना तिथे फारसं काम नाही.

नवख्याला मी युआरएलहाऊसच सुचवेन. सापळ्याला रोजची देखभाल लागते आणि पहिल्या महिन्यानंतर ती बहुतेकांना जड जाते. पण पब्लिक आयपी आणि चिकाटी दोन्ही असतील तर निवडायची गरजच नाही: सापळ्यातल्या त्या डब्ल्यूगेटच्या ओळीतला पत्ता उचला, तपासा आणि तो पत्ता चालू असतानाच युआरएलहाऊसला कळवा.